बेशरम तोडली तरी पुन्हा का फुटते? पाट, बांध आणि तळ्याकाठी काय तपासायचे

लक्षणे

यातली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील तर पुढचे सगळे वाचा.

- मार्च-एप्रिलमध्ये मजूर लावून बेशरम तोडली, पण मृगाच्या पावसानंतर त्याच जागी एकेका बुडख्यावर, म्हणजे जमिनीलगतच्या जुन्या बुंध्यावर, चार-पाच फुटवे आले.
- जिथे पूर्वी बेशरम नव्हती तिथे, पाटाच्या खालच्या अंगाला, नवे पुंजके उभे राहिले.
- आवर्तन, म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी, सुटले की चारीच्या (शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या पाटाच्या) वरच्या भागात पाणी काठावरून सांडते आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत धार पोहोचत नाही.
- झुडपांच्या बुडाशी गाळाचे उंचवटे तयार झाले आणि चारीचा तळ वाकडातिकडा झाला.
- बांधाच्या किंवा तलावाच्या भरावाला बाहेरच्या अंगाने ओल येते.
- तिकडे चरणाऱ्या शेळ्यांची मान थरथरते, मागचे पाय लडखडतात, अंग झडते, आणि चारा समोर असूनही त्या बेशरमीकडेच ओढ घेतात.

शेवटची दोन लक्षणे एकटी दिसली तरी थांबू नका. त्यांच्यासाठी खाली "शेळ्या" आणि "कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे" या भागांत वेगळे लिहिले आहे, ते आधी वाचा.

ही बांधावर आली कशी

बेशरम म्हणजे आयपोमिया कार्निया. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली आणि रताळ्याच्या कुळातली. फिकट गुलाबी-जांभळे, भोंग्यासारखे फूल, आत गडद गळा, हृदयाच्या आकाराचे लांब टोकाचे पान आणि तोडले की पांढरा चीक. तिची फांदी ओल्या मातीत खुपसली की काही दिवसांत मूळ धरते, जनावर सहसा तोंड लावत नाही, पाण्यात बुडाली तरी जगते आणि कोरडे पडले तरी मरत नाही. माती धरून ठेवायला याहून स्वस्त झाड कुठे मिळणार, असा हिशेब करून ती पाटाच्या काठांवर, नाल्याकडेला, शेताच्या धुऱ्यांवर लावली गेली. कुंपणाला आणि कुडाच्या भिंतींनाही तिच्याच काठ्या वापरल्या गेल्या.

माती ती धरते हे खरे आहे. पण काठ धरता धरता ती पात्रात उतरते. मग पाणी झुडपाला वळसा घालून समोरच्या काठावर आदळते आणि तो काठ खचू लागतो. एका बाजूची धूप थांबवायची म्हणून लावलेले झाड दुसऱ्या बाजूला धूप करते. ज्या गुणांसाठी तिला लावले त्याच गुणांमुळे ती आता हलत नाही. म्हणून तिला काढायची पद्धतही त्या गुणांवरूनच ठरवावी लागते.

पहिली तपासणी: झाड नक्की बेशरमच आहे ना

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटे. तरीही ही पायरी वगळली जाते आणि नाळीची भाजी उपटली जाते. नाळीची भाजी याच कुळातली. तिचे फूल बेशरमीसारखेच दिसते, देठ पोकळ असतो, चीकही निघतो आणि ती पाण्यातच वाढते. फरक उभारणीत आहे. नाळी पाण्यावर किंवा चिखलावर पसरते, तिचे देठ मऊ असतात आणि पेरापेराला पांढरी मुळे लोंबतात. बेशरम स्वतःच्या बळावर उभी राहते, पुरुषभर किंवा त्याहून उंच जाते आणि जुने खोड बुडाशी लाकडासारखे टणक होते. पुरुषभर उंच, ताठ आणि बुडाशी लाकडी असेल तर ती बेशरमच. कुंपणावर चढणाऱ्या गारवेली तर वेलच असतात, त्या वेगळ्या सांगायला नकोत.

ओळख पटवणे दुसऱ्या कारणासाठीही गरजेचे आहे. नाळीची भाजी लोक खातात, बेशरम विषारी आहे. एकाच डबक्यात दोन्ही असतील तर भाजी खुडणाऱ्या बाईला ते सांगायलाच हवे.

दुसरी तपासणी: फुटवा खुडू नका, उपटून पाहा

सगळ्यात जास्त माहिती ही एक कृती देते. पावसानंतर जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना वेगवेगळ्या जागचे दहा-बारा नवे फुटवे बुडाशी धरून हळू वर ओढा. घाईने ओढले की तो मातीजवळ तुटतो आणि काही कळत नाही. त्यामुळे बाजूची माती खुरप्याने सैल करून घ्या. हातात जे येईल ते तीनपैकी एक असेल.

एक, खाली टणक गाठोड्यासारखा बुडखा लागतो आणि फुटवा त्याच्या खांद्यावरून निघालेला असतो. म्हणजे जुने झाड मेलेच नाही, फक्त वरून कापले गेले.

दोन, फुटव्याखाली बोटभर किंवा वीतभर लांबीची आडवी कांडी निघते. तिच्या एका टोकाला कोयत्याचा तिरपा काप स्पष्ट दिसतो आणि पेराजवळून मुळांचा झुबका सुटलेला असतो. हे झाड तोडणी करणाऱ्यांनीच लावले. तोडताना पडलेला तुकडा मातीत दबला आणि रुजला.

तीन, सरळ खाली जाणारे एकच बारीक मूळ निघते, काप नाही, गाठ नाही. हे बियाचे रोप. अगदी कोवळे असेल तर खालची पहिली दोन पाने मधोमध खोल चिरलेली, शेपटीसारखी दुभागलेली दिसतात.

दहापैकी किती फुटवे कोणत्या प्रकारचे निघाले ते लिहून ठेवा, कारण उपाय यावरच ठरतो. बुडखे जास्त असतील तर तोडण्याची जागा चुकली. कांड्या जास्त असतील तर तोडलेला माल टाकण्याची जागा चुकली. रोपे जास्त असतील तर तोडणीचा महिना चुकला किंवा वरून बी वाहून येत आहे. ही मोजणी न करता फवारणीचा पंप उचलणे म्हणजे अंधारात काठी मारणे. पैसा जातो आणि कांड्या तशाच रुजत राहतात.

तिसरी तपासणी: तोडलेला माल कुठे गेला

कांड्या निघाल्या असतील तर आधी इथे बघा. बहुतेक ठिकाणी गोम इथेच असते. तोडलेली बेशरम काठावरच ढीग करून ठेवतात, किंवा "वाहून जाईल" म्हणून नाल्यात लोटतात. ढिगाच्या वरच्या काड्या वाळतात, पण खालच्या सावलीत, ओल्या मातीला टेकून महिनोन्‌महिने हिरव्या राहतात. पहिल्या पावसात त्या मूळ धरतात. नाल्यात लोटलेल्या कांड्या पोकळ असल्यामुळे तरंगतात, जिथे पात्र वळते किंवा मोरी येते तिथे अडकतात आणि तिथेच नवा पुंजका उभा राहतो. खालच्या गावातली बेशरम बऱ्याचदा वरच्या गावाच्या स्वच्छता मोहिमेतून आलेली असते. आपल्या तोडणीचा त्रास शेजाऱ्याला होऊ नये, यासाठी तरी ही पायरी जिवापाड सांभाळा.

उपाय स्वस्त आहे. तोडलेला सगळा माल पाण्यापासून आणि मऊ मातीपासून दूर न्यायचा आणि कातळावर, टणक मुरमावर किंवा जुन्या ताडपत्रीवर पातळ पसरायचा. थर फूटभरापेक्षा जाड नको. आठवड्याने उलटायचा. एप्रिल-मेच्या उन्हात पातळ काड्या लवकर वाळतात, मनगटाएवढ्या जाड खोडांना तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नका, कारण साल वरून तपकिरी होते आणि आत जीव असतो. अंगठ्याच्या नखाने साल खरवडा. खाली हिरवी रेघ दिसली किंवा चिकाचा थेंब आला तर कांडी जिवंत आहे. वाकवल्यावर काडकन मोडली आणि आत करडे-कोरडे निघाले तर मेली. प्रत्येक ढिगातल्या सर्वांत जाड पाच-सहा खोडांवर ही परीक्षा करा. बारीक फांद्या पाहून काही समजत नाही.

पूर्ण वाळलेला माल शेणासोबत खड्ड्यात कुजवता येतो. हिरवी पाने ओरबाडून खतात टाकली तर चालतात, पण हिरव्या कांड्या उकिरड्यात टाकू नका. तो उकिरडा पुढे शेतात जातो आणि त्याच्याबरोबर कांड्याही जातात. ओला माल पेटवू नका. तो धुमसत राहतो आणि मधल्या कांड्या जळतही नाहीत.

याच तपासणीत एक नजर शेताच्या कुंपणावर आणि भाजीच्या मांडवावर टाका. दोडक्याच्या किंवा वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवलेले बेशरमीचे हिरवे खुंट रुजलेले असतात. पाट स्वच्छ केला आणि मांडवाचे खुंट तसेच ठेवले तर दोन वर्षांत ती पुन्हा पाटात येते.

चौथी तपासणी: कुठून तोडली

बुडखे निघाले असतील तर जमिनीवर उरलेले खुंट मोजा. गुडघ्याएवढे किंवा वीतभर खुंट दिसत असतील तर ती छाटणी झाली. छाटणीने ही वनस्पती जास्त दाट होते: आधी एक खोड होते, आता पाच. मजूर वाकून कोयता मारतो तेव्हा काप साहजिकच वीतभर वर बसतो. मजुरीचा ठराव "तोडणी" असा न करता "बुडख्यासकट खोदणी" असा करा आणि खोदलेले बुडखे मोजून घ्या. दर अर्थातच जास्त पडेल, पण तोच पैसा दरवर्षी घालवण्यापेक्षा एकदा घालवलेला बरा.

खोदायचे असे. आधी उभी खोडे कमरेएवढी ठेवून शेंडे कापा, म्हणजे ओढायला दांडा राहतो. बुडाभोवती वीत-दीड वीत अंतरावर टिकावाने गोल चर घ्या. पहार तिरपी खाली घालून बुडखा उचका आणि दांड्याने हलवत बाहेर काढा. खोड जिथे मुळांना मिळते तो फुगीर भाग पूर्ण बाहेर यायला हवा. नवे फुटवे त्याच भागातून येतात. त्याखालची बारीक मुळे तुटून आत राहिली तर फारशी चिंता नाही. मातीत गाडली गेलेली जुनी खोडे मात्र शोधून काढा. गाळ साचून झाकलेल्या खोडाला पेरापेरावर मुळे सुटलेली असतात आणि वरून ते मूळच वाटते. त्याच्यावर पेरांच्या गाठी दिसल्या की ते खोड समजा.

हातमोजे घाला, कारण चीक कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो. गमबूट हवेतच. दाट पुंजक्यात घोणस दडलेली असू शकते. आत हात घालण्याआधी लांब काठीने बुडखा झोडपा, थोडा वेळ थांबा आणि मगच वाका.

पाचवी तपासणी: कोणत्या महिन्यात तोडली

रोपे जास्त निघाली असतील तर तोडणी फळे धरल्यानंतर झाली. बेशरम जवळजवळ वर्षभर फुलते, पावसाळ्यानंतर जास्त. बोंडात साधारण चार बिया असतात आणि प्रत्येकीवर रेशमासारखे तपकिरी केस असतात. या केसांमुळे बी पाण्यावरून आणि वाऱ्याने दूर जाते. कवच टणक असल्याने सगळ्या बिया एकाच पावसात उगवत नाहीत. त्यामुळे एका वर्षी रोपे उपटली म्हणजे काम संपले असे होत नाही.

सर्वांत चांगली वेळ म्हणजे आवर्तन संपून पाट कोरडा पडल्यानंतर, एप्रिलपासून मेअखेरपर्यंत. तीन कारणे आहेत. पात्रात पाणी नसल्याने तुकडे वाहून जात नाहीत, ऊन कांड्या वाळवते आणि मजूर मोकळे असतात. भर पावसाळ्यात कधीही तोडू नका. त्या दिवसांत जमिनीवर पडलेली प्रत्येक कांडी रुजते. दिवाळीच्या सुमारास काम करणे भागच असेल तर आधी बोंडे खुडून पोत्यात भरा आणि मगच कोयता लावा.

सहावी तपासणी: वरून येते का

आपल्या हद्दीतली कामे नीट झाली आणि तरीही दर आवर्तनानंतर नव्या कांड्या काठाला लागलेल्या दिसत असतील तर पाटाच्या वरच्या अंगाला चालत जा. एक-दोन किलोमीटरमध्ये मूळ पुंजका बहुधा सापडतो. मोरीच्या तोंडाशी, जुन्या आउटलेटच्या खड्ड्यात आणि पाणी संथ होते अशा वळणांवर जास्त लक्ष द्या.

मूळ पुंजका दुसऱ्याच्या हद्दीत असेल तर तो निघेपर्यंत आपल्या चारीच्या तोंडाशी लोखंडी सळ्यांची तिरपी जाळी बसवा. दोन सळ्यांमध्ये ४ ते ५ सेंटिमीटर अंतर ठेवा. त्याहून बारीक जाळी पाला-पाचोळ्याने लगेच तुंबते आणि वर पाणी चढते. पाळी चालू असताना जाळी रोज साफ करावी लागते. ते होणार नसेल तर जाळी बसवूच नका, तुंबलेली जाळी बेशरमीपेक्षा जास्त नुकसान करते.

सातवी तपासणी: काठ उघडा राहिला का

बेशरम काढली आणि काठ तसाच सोडला तर पहिल्या मोठ्या पावसात माती वाहते आणि उघड्या ओल्या मातीत तीच पुन्हा येते. "काढली म्हणून काठ खचला" ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते आणि मग कोणीतरी पुन्हा बेशरमच लावा म्हणतो. म्हणून खोदकाम आणि लागवड ही दोन कामे एकाच अंदाजपत्रकात धरा.

खोदलेले खड्डे आधी भरा. नुसती माती लोटू नका. १५ सेंटिमीटरचा थर, थोडे पाणी, धुम्मसने ठोकणे, मग पुढचा थर. सैल भरलेला खड्डा पावसात बसतो आणि पाण्याला वाट मिळते.

काठ धरण्यासाठी वाळा लावा. पाऊस नीट लागल्यावर, जून-जुलैमध्ये, ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे चूड करा. पाने वीतभर ठेवून छाटा, मुळे बोटभर ठेवा आणि १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर एका ओळीत लावा. ओळ उताराला आडवी, समपातळीत हवी. अंतर वाढवले की मधून पाणी घुसते आणि सगळी ओळ वाया जाते. पैसे वाचवायचे असतील तर ओळी कमी करा, ओळीतले अंतर वाढवू नका. उंच उतारावर दोन ओळींमध्ये साधारण मीटरभर अंतर ठेवा. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात, पात्रात पसरत नाहीत. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे शेतात तण होत नाही. उत्तरेकडचा रानवट वाळा मात्र बी धरतो. रोपे घेताना कुठला आहे ते विचारा. बांधावरच्या वाळ्याची मुळे पुढे विकण्यासाठी कोणी खणू नयेत, हे गावात आधीच ठरवून टाका. मुळे खणली की बांधच खणला जातो.

शेताच्या धुऱ्यावर मारवेल गवत लावले तर माती टिकते आणि जनावरांना चाराही होतो. नाल्याकाठी निर्गुंडी चांगली तग धरते. हरळी माती उत्तम धरते, पण पिकाला लागून लावू नका, ती शेतात शिरली की वेगळाच त्रास सुरू होतो.

आठवी तपासणी: यंत्र आणि औषध

इथे यायच्या आधी वरच्या सगळ्या पायऱ्या झालेल्या असाव्यात.

रोटाव्हेटर बेशरमीवर कधीही चालवू नका. तो एका झाडाचे शेकडो तुकडे करून ते बरोबर रुजण्याच्या खोलीवर मातीत मिसळतो. जेसीबी चालतो, पण अटी आहेत: पाट कोरडा हवा, बादलीने बुडखा उपसायचा आणि पात्र खरवडायचे नाही, माल थेट ट्रॉलीत पडला पाहिजे आणि त्याच्यामागे दोन माणसे पडलेल्या कांड्या वेचत चालली पाहिजेत. पुढच्या शिवारात जाण्याआधी बादलीचे दात आणि साखळ्या धुवा. त्यांत अडकलेल्या कांड्या पुढच्या गावात जाऊन रुजतात.

तणनाशक हा शेवटचा आणि सर्वांत जोखमीचा उपाय. २,४-डी बेशरमीवर काम करते, पण कपाशी या औषधाला अत्यंत नाजूक आहे. वाऱ्यावर आलेले थोडेसे कणही कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, बोटांसारखी लांब करून टाकतात. द्राक्ष आणि टोमॅटोलाही इजा होते. अडचण अशी की पानांवर औषध चांगले लागते ते पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या वाढीच्या दिवसांत, आणि त्याच दिवसांत शेजारी कपाशी उभी असते. म्हणून कपाशीच्या पट्ट्यात बेशरमीवर फवारणी करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या पंपातून २,४-डी मारले तो पंप कपाशीला वापरू नका. साध्या धुण्याने त्यातला अंश जात नाही.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरावे असे म्हटले. शिवाय त्यात मिसळलेले चिकटद्रव्य मासे आणि बेडकांना घातक असते. पाणी उभे असलेल्या तळ्यात, पाटात किंवा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ ते नकोच. खडकात अडकलेले, खोदता न येणारे थोडे बुडखे उरले असतील तर ताज्या कापावर कुंचल्याने औषध लावण्याची पद्धत फवारणीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. काप घेतल्यावर लगेच लावावे लागते. चीक सुकून तोंड बंद झाले की औषध आत जात नाही. मात्रा डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच ठेवा आणि कृषी सहायकाला विचारून घ्या, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी सोडून कोणाच्याही हाती पंप देऊ नका.

शेळ्या

बेशरमीत स्वेनसोनिन नावाचे विष असते. एखाद-दुसऱ्या घासाने शेळी मरत नाही, म्हणून "आमच्या शेळ्या खातात, काही होत नाही" असे सांगितले जाते. पण हे विष रोज थोडे-थोडे खाण्याने काम करते. पेशींमध्ये न पचलेली साखर साचत जाते आणि मेंदूच्या पेशी बिघडतात. उन्हाळ्यात इतर पाला संपतो, बेशरम मात्र हिरवी असते. शेळ्या नाइलाजाने खाऊ लागतात आणि मग त्यांना तिची सवय लागते.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. शेळीला थोडे पळवा आणि अचानक थांबवा. मान थरथरते का, मागचे पाय फाकतात का ते पाहा. मग तोंड धरून वर उचला आणि सोडा. निरोगी शेळी लगेच सावरते, बाधित शेळीचा तोल जातो. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी कळपाची वाट बदला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. यावर उतारा नाही. लवकर थांबवले तर शेळी सुधारू शकते, उशीर झाला तर मेंदूची इजा कायम राहते. गाभण आणि दुभत्या शेळ्यांना आधी वेगळे करा, कारण हे विष गर्भापर्यंत आणि दुधातून पिल्लांपर्यंत जाते. तोडून वाळत घातलेला ढीगही शेळ्यांच्या वाटेवर ठेवू नका. वाळल्याने विष जाते असे समजू नये. ज्या घराचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्या घराला ही माहिती तोडणीच्या आधी पोहोचवा.

कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

पाझर तलाव, गावतलाव किंवा मातीच्या बंधाऱ्याच्या भरावावर बेशरम असेल आणि तलावात पाणी असेल तर एकही बुडखा खोदू नका. जुनी मुळे भरावात खोलवर गेलेली असतात. ती ओढली की पोकळी राहते आणि पाण्याला भरावातून वाट मिळते. अशा वेळी फक्त वरून कापा, माल बाहेर न्या आणि ज्यांच्या ताब्यात तलाव आहे त्या कार्यालयाला, म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाला किंवा मृद व जलसंधारण विभागाला लेखी कळवा. खोदणी आणि भराव दुरुस्ती त्यांच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली, तलाव रिकामा असताना व्हावी.

भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला ओल दिसली तर काचेच्या बाटलीत तिथले पाणी धरा. पाणी नितळ असेल तर जागेवर खुंटी रोवून खूण करा, रोज पाहा आणि कळवा. गढूळ असेल, किंवा कालच्यापेक्षा धार मोठी असेल, तर पाण्याबरोबर भरावाची माती बाहेर येत आहे. हे तणाचे काम राहिले नाही. खालच्या वस्तीला सावध करा आणि तलाठी, पोलीस पाटील व तहसील कार्यालयाला त्याच तासाला फोन करा. भोक बाहेरून चिखलाने बुजवायचा प्रयत्न करू नका. पाणी दुसरी वाट काढते.

कालव्याचा आणि वितरिकेचा भराव जलसंपदा विभागाचा असतो. परवानगीशिवाय तिथे टिकाव मारू नका, मशीन तर नाहीच. चारी पाणी वापर संस्थेकडे हस्तांतरित झालेली असेल तर संस्थेच्या बैठकीत ठराव घ्या आणि काम करा. अस्तरीकरणाच्या फटीतून किंवा आउटलेटच्या दगडी बांधकामातून उगवलेली बेशरम पहारीने उचकली तर बांधकामच निखळते. ती कापून ठेवा आणि शाखा अभियंत्याला दाखवा.

फेऱ्या

मेमध्ये खोदणी झाली की पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी पहिली फेरी. जमीन वाफशावर असते आणि राहिलेले फुटवे हाताने निघतात. त्यानंतर श्रावणात दुसरी, दसऱ्याच्या आसपास तिसरी आणि पाट कोरडा झाल्यावर चौथी. एका फेरीला दोन माणसे, एक पोते आणि दोन खुरपी पुरतात. प्रत्येक फेरीत उपटलेल्या झाडांचे बुडखा, कांडी आणि रोप असे तीन आकडे वहीत लिहा. दुसऱ्या वर्षी बुडखा आणि कांडी हे आकडे शून्यावर आलेच पाहिजेत. नाही आले तर तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीत कुठेतरी चूक राहिली आहे. रोपे पुढेही काही वर्षे येत राहतील. ती चार पानांची असतानाच उपटायची, कारण तेव्हा एका हाताने निघतात आणि टाकलेले रोप दुपारच्या उन्हात संध्याकाळपर्यंत सुकते.